उन्हात ठेवलेले सेल

४ डिसेंबर १९७७

ठोके सहासष्ट. तीनदा मोजले. आबा अंथरुणातच, उजवा हात, त्यांचंच रेल्वेचं घड्याळ. सहासष्टच.

छातीत हृदयाचं मशीन बसवल्यापासून सकाळचे ठोके कधी सत्तरच्या खाली गेले नव्हते. मद्रासच्या डॉक्टरांनी ते सत्तरावरच लावून दिलंय. म्हणाले होते, रोज सकाळी अंथरुणातच मोजा, चार-पाचने उतरले की आतले सेल संपत आले समजा, आणि लगेच कळवा.

खात्रीसाठी ट्रान्झिस्टर घेतला. तेही त्यांनीच शिकवलेलं. काटा जिथे कुठलंच स्टेशन लागत नाही तिथे आणायचा, रेडिओ छातीवर धरायचा. मशीनने धक्का दिला की आत टिक् वाजतं. वाजलं, पण अगदी बारीक. मशीन मंदावलंय की रेडिओचेच सेल उतरलेत, कळेना. मायने रेडिओचे सेल काढून पत्र्यावर उन्हात टाकले, नेहमीसारखे. दुपारी घालून पाहिले. आवाज मोठा झाला. टिक्-टिकची संख्या तीच.

आबांना काही सांगितलं नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "किती डबे कमी भरले?"

५ डिसेंबर

पुन्हा सहासष्ट.

वर्गात एका मुलीचं उत्तर चुकलेलं होतं, मी त्यावर बरोबरची खूण केली. तिनेच आणून दाखवलं. माझं असं होत नाही.

मद्रासला पत्र लिहिलं, इंग्रजीत, शब्दकोश घेऊन. दोन वेळा खाडाखोड झाली म्हणून तिसऱ्यांदा लिहिलं. आबा म्हणाले, "चार ठोक्यांसाठी काहून त्या माणसाला तकलीफ देऊन राहिली?"

मी म्हटलं, तुम्हीच शिकवलंय.

कनेरगाव नाक्याजवळच्या फाटकावर आबा गेटमन होते तेव्हा शाळा लांब होती. तिसरीपर्यंत मी त्यांच्यापाशीच शिकले. खडू, फाटकाचा खांब, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या. मालगाडीचे डबे मोजायचे. एखादा सुटला आणि मी अंदाजाने आकडा सांगितला की त्यांना बराबर कळायचं. "सुटला तर सुटला म्हण. गाडी काही तुझ्यासाठी माघारी येणार न्हाई."

म्हणून लिहिलं. सुटलेला डबा आहे तो.

७ डिसेंबर

आबांना इथल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर चांगले आहेत. असलं मशीन त्यांनी फक्त पुस्तकात पाहिलंय, तसं ते सांगतातही. खांद्याखालची ती डबी बोटांनी चाचपून पाहिली. साबणाच्या वडीएवढी, कातडीच्या लगेच खाली.

विचारलं, नुसते सेल बदलता येत नाहीत का. नाही. डबी सील केलेली असते, सगळीच बदलावी लागते. नवीन बाहेरच्या देशातून येते, येईल तेव्हा. मद्रासचं उत्तर येईपर्यंत थांबा म्हणाले. रेल्वेकडून सगळं होतंय, तेवढं तरी बरं.

संध्याकाळी राठोडकाका आले. आबांच्या बरोबरीचे, अजून रूळ दुरुस्तीच्या गँगमध्ये आहेत, कळमनुरीकडच्या तांड्यावरचे. सगळं ऐकून घेतलं आणि हातातली ब्याटरी पुढे केली. "हिचं झाकण फिरवलं का सेल बाहेर. येवढ्या मोठ्या मद्रासला एक झाकण करता आलं न्हाई व्हय?"

"तू करून दे. पाना आण तुझा," आबा म्हणाले.

"आणतो ना. पण माझा पाना रुळाचा हाय दादा. वहिनी कल्ला करतील."

खूप हसले दोघं. मला हसू आलं नाही. आबा हसताना मी त्यांचं मनगट धरून होते.

८ डिसेंबर

माय भाकरी थापता थापता: "कुसे, रेडिओचे सेल उन्हात ठिवले का पुन्हा बोलतात."

हो, थोडा वेळ.

"मंग यांचे बी सेलच हायेत ना?"

मी सांगितलं की ते वेगळे, सीलबंद, कातडीच्या आत. ऊन पोचत नाही.

"कातडी म्हंजे केवढी जाड असती? हाताला लागते डबी."

समजावलं. तिने सगळं ऐकलं. मग उठून अंगणात चटई टाकली.

१० डिसेंबर

आबा उन्हात, सदरा काढून, डावी बाजू सूर्याकडे. ऊन सरकलं की माय चटई सरकवते. गल्लीतून येणारे-जाणारे बघतात. राठोडकाका सायकलवरूनच ओरडले, "वहिनी, दादाला हळदीसारखं वाळू घातलं का?"

"उकडून घेऊन मंग वाळवायचं असते," आबा म्हणाले. "हिला ठाऊक न्हाई अजून."

माय हसली नाही. चेहरा असा की बाळाला तेल लावतेय.

आत आल्यावर तिने मोजायला लावलं. अठ्ठ्याहत्तर.

"बघ," ती म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं की असं होत नसतं. पण अठ्ठ्याहत्तर होते. मीच मोजले.

१२ डिसेंबर

सकाळी पासष्ट. दुपारी उन्हानंतर सत्त्याहत्तर.

मायचं म्हणणं, सकाळी थंडीने कोणाचंही अंग आखडलेलं असतं, ती वेळ मोजायची नाहीच. थंडी खरंच फार आहे. मद्रासला थंडी नसते. तिथल्या डॉक्टरांनी सकाळची वेळ सांगितली ती तिथल्या हवेला धरून सांगितली असेल.

ठरवलं. रोज उन्हानंतर, घरात येऊन पाणी प्यायल्यावर, त्याच हाताचे. वेळ बदलली तरी नियम एक राहील. नियम असला की मला बरं वाटतं.

१५ डिसेंबर

अठ्ठ्याहत्तर. काल एकोणऐंशी. सकाळचे आता मोजतच नाही.

आबांनी दोन भाकरी खाल्ल्या. मायला गाढ झोप लागली. तिचं घोरणं किती दिवसांनी ऐकलं. मलाही लागली.

मद्रासचं उत्तर नाही.

१७ डिसेंबर

राहवेना. डॉक्टरांना कळवलंय की ठोके उतरले, आणि इथे तर वाढलेत. ते तिकडे आपल्यासाठी धावाधाव करत असतील, चुकीच्या माहितीवर. दुसरं पत्र लिहिलं. ठोके अठ्ठ्याहत्तर आहेत, प्रकृतीत सुधारणा आहे, आधीच्या पत्राने त्रास दिला त्याबद्दल क्षमा असावी.

उन्हाचं लिहिलं नाही. लाज वाटली.

शाळेतून येताना पेटीत टाकलं. खूप हलकं वाटलं.

१९ डिसेंबर

आभाळ. ऊन नाही.

सकाळी आबा दाढी करत होते. आरसा हातातून पडला. मी जाईपर्यंत ते भिंतीला टेकून बसले होते, तोंडावर साबण तसाच, डोळे उघडे पण माझ्याकडे नाहीत. जरा वेळाने म्हणाले, "अंधारी आली वाटते."

ठोके बासष्ट.

रेडिओ आणला. राठोडकाकांनी परवा नवे सेल आणून दिलेत ("हे घे मास्तरीणबाई, उन्हाचे लाड बस झाले"). स्वच्छ आवाज. टिक्... टिक्... बासष्ट. प्रत्येक ठोक्याला एक टिक्. सगळे ठोके मशीनचे, आणि मशीन दमलेलं.

दुपारी ढग पांगून ऊन पडलं. माय लगेच चटई घेऊन. मी शाळेत निरोप पाठवला, गेले नाही. आबा उन्हात तापल्यावर मनगट धरलं. सत्त्याहत्तर. मायने माझ्याकडे पाहिलं. मग मी तिथेच, उन्हातच, रेडिओ त्यांच्या छातीवर ठेवला. आधी का नाही ठेवला कधी?

नुसती खरखर. एकही टिक् नाही. काटा तिथेच. सेल नवे. मनगटात ठोके चालू आणि रेडिओत काही नाही.

मद्रासच्या डॉक्टरांनी सांगितलेलं आठवलं. स्वतःचं हृदय नीट चालत असेल तर मशीन गप्प बसतं. ते थांबलं किंवा मागे पडलं तरच धक्का देतं. उन्हाने आबांचं स्वतःचं हृदय जोरात चालायचं. मी रोज तेच मोजत होते. ज्याचं मोजायचं ते मशीन तेव्हा झोपलेलं असायचं.

म्हणून सकाळची वेळ. अंथरुणातली. त्यांनी सांगितली होती, मी ऐकली होती, आणि मीच बदलली.

आबांनी माझा हात थोपटला. माय आत गेली होती. हळू म्हणाले, "घाटात गाडीच्या मागं एक इंजन लावतात. सपाटीला त्याचं कामच न्हाई. ते चालू हाय का बंद, चढ आल्यावरच कळते."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"रेल्वेत जन्म गेला माझा."

"मग का बसलात रोज?"

"तुझी माय रातची झोपून राहिली होती ना."

२० डिसेंबर

मद्रासचं पत्र आलं. पहिल्या पत्राचं उत्तर. शाळेच्या पत्त्यावर मागवलं होतं, व्हरांड्यात उभ्याने वाचलं.

नवीन मशीन आलेलं आहे. तुमच्या वडिलांसाठी बाजूला ठेवलं आहे. विलंब न करता घेऊन या. येणं होणार नसेल तर ताबडतोब कळवा, म्हणजे रांगेतल्या पुढच्या रुग्णाला देता येईल.

येणं होणार नसेल तर. मी कळवलंय. सुधारणा आहे म्हणून कळवलंय, क्षमा मागून.

पत्र कुठे असेल आता? सिकंदराबाद ओलांडलं असेल. कदाचित त्यांच्या टेबलावर.

दोन तास कसे शिकवले आठवत नाही. सुटी मागून तारऑफिसात गेले. शब्द सुचेनात. 'सुधारणा खोटी. ठोके बासष्ट. येत आहोत. मशीन ठेवा.' तारवाल्याने वाचून पाहिलं, मी त्याला पत्राचं सांगितलं. म्हणाला, "ताई, पत्राआधी ही तार पोचली तर त्यांना वाटेल, कोणती सुधारणा?"

आणि पत्र नंतर पोचलं तर त्यांना वाटेल, तारेनंतर सुधारणा झाली.

त्याला दोन्ही पत्रांच्या तारखा सांगितल्या. त्याने स्वतःच मजकूर नीट लावून दिला, 'सतरा तारखेच्या पत्राकडे दुर्लक्ष करा' असं सुरुवातीला घालून. गेली तार. मी निघाले तेव्हा म्हणाला, उत्तर आलं की घरी पाठवतो, तुम्ही चकरा मारू नका.

दोन चकरा मारल्या.

२१ डिसेंबर

उत्तर नाही.

मायला सांगायचं राहिलं होतं. सांगितलं. ती लसूण सोलत होती, सोलतच राहिली. सगळं संपल्यावर म्हणाली, "मंग ऊन काय करत होतं?"

"अंग तापवत होतं."

"नुसतं अंग?"

हो.

मग ती उठली आणि चटई गुंडाळून पलंगाखाली सरकवून आली. मी म्हटलं, माय, पत्र मी लिहिलं, तू नाही. तिने ऐकलं नाही किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "मी अडाणी हाये," एवढंच म्हणाली. "तू तर शिकलेली. तू काहून ऐकलं माझं?"

मलाही तेच हवं होतं.

आबा आतून: "मला ऊन बरं वाटत होतं. त्याला काहून नावं ठेवता? चटई टाका."

कोणी टाकली नाही.

सकाळी एकसष्ट.

२२ डिसेंबर

आज आबा पडले. न्हाणीत. या वेळी दोन्ही डोळे पांढरे झाले. माय ओरडली तेव्हा मी चुलीपाशी होते. नाडी लागत नव्हती. मी मोजायला लागले, नाडी नसताना, नुसतंच एक, दोन, तीन. मग लागली. कोणी आणली ठाऊक नाही, मशीनने की त्यांनी.

डॉक्टर घरी आले. म्हणाले, एवढ्या लांबच्या प्रवासात काहीही होऊ शकतं. मी विचारलं, आणि इथे राहिलो तर? त्यांनी बॅग बंद केली. "उद्याच निघा."

तारेचं उत्तर नाही. मशीन आहे की दुसऱ्या कोणाला दिलं, ठाऊक नाही. पहिल्या वेळी मद्रासच्या दवाखान्यातल्या लांबच लांब व्हरांड्यात एक बाई रोज मायच्या शेजारी बसायची. भाषा कळत नव्हती. नवऱ्यासाठी थांबली होती, एवढं कळलं होतं. तशीच कोणी आताही रांगेत असेल. तिच्या माणसाला मिळालं असेल तर मी वाईट कसं म्हणू. म्हणते आहे पण. दिवसभर म्हणते आहे.

आबा जायला तयार नाहीत. "मशीन हाय का न्हाई ठाऊक न्हाई, आन् तिथं फलाटावर जाऊन बसायचं?"

राठोडकाका रेल्वेचा पास घेऊन आले होते. म्हणाले, "सिग्नल पडला न्हाई म्हणून ड्रायव्हर घरी जातो का, दादा? टेशनाबाहेरच्या होम सिग्नलला येऊन उभा राहतो, शिट्टी मारतो."

"आन् पडलाच न्हाई तर?"

"तर मी येतो तिथं, हिरवी झेंडी घेऊन. पण तुमी निघा."

आबा मला म्हणाले, "घड्याळाला चावी दे."

२३ डिसेंबर, सकाळ

साठ.

ट्रंक भरली. आबांचे कागद, मद्रासचं पत्र, रेडिओ, दोन सेल जास्तीचे. मायने मूर्तीपुढे मेणबत्ती लावली, तिघं उभे राहिलो. शेजारणीला किल्ली दिली. शाळेतल्या मोठ्या बाई म्हणाल्या, शाळेची काळजी करू नकोस.

राठोडकाका हिंगोली स्टेशनवर. आबांना खुर्चीत बसवून चौघांनी उचलून डब्यात आणलं. आबा म्हणाले, "पार्सल सांभाळून रे, काच हाय." राठोडकाकांनी खिडकीतून सांगितलं, तार आली तर स्टेशनमास्तरांकडून पूर्णेला फोन लावतो, तिथं विचारून घ्या. मग गाडी हलली तसे बरोबर चालत आले, आणि फलाट संपला तिथे थांबले. झेंडी नव्हती त्यांच्याकडे. गळ्यातलं उपरणं हलवलं.

पूर्णा, दुपार

स्टेशनमास्तरांच्या ऑफिसात गेले. होय, हिंगोलीहून निरोप आहे. निरोप असा की अजून तार आलेली नाही. पुढे सिकंदराबादला विचारा.

राठोडकाकांनी फोन लावलाच, काही नाही हे सांगायला.

चालत्या गाडीत

पूर्णा सुटून बराच वेळ झाला. अक्षर हलतंय.

डब्यात गर्दी नाही. मायने आबांना आधी माझ्या बाजूला बसवलं होतं. मग इकडे तिकडे बघितलं, आणि काही न बोलता त्यांना समोरच्या खिडकीशी नेलं. त्या बाजूला ऊन आहे. सदऱ्याचं वरचं बटण काढलं. माझ्याकडे पाहिलं, मी काही म्हणते का. मी खिडकी आणखी उघडली. आबांनी डोळे मिटून घेतले. चेहऱ्यावर ऊन.

थोड्या वेळाने गाडीने वळण घेतलं, ऊन गेलं. ओठ काळसर वाटले. मनगट धरलं. गाडीचा एवढा धक्का की ठोका कुठला आणि डब्याचा हादरा कुठला, काही कळेना. रेडिओ लावला, छातीवर दाबून धरला, कान लावला. खालून खडक्-खडक्, खडक्-खडक्. त्यातून टिक् निघतं की नाही ठरवता येईना. पुन्हा मोजायला घेतलं, पुन्हा चुकलं. मी म्हटलं, आबा, लागत नाहीत, मला मोजताच येत नाहीत.

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"रुळाचे सांधे हायेत ते, पोरी. ते एकसारखे येतात. ते सोड," म्हणाले. "बाकी राहतील ते माझे. मोज."

मोजते आहे.